४८ शब्दांची भाषा: तांबोरा ‘पापुअन’ होती हे कशावरून?

प्रश्न असा आला आहे: “तांबोरा ज्वालामुखीच्या राखेखाली एक अख्खी भाषा गेली. एका ठिकाणी वाचलं की ती पापुअन होती. दुसरीकडे वाचलं की तिचं नातं कंबोडिया-व्हिएतनामकडच्या भाषांशी होतं. तिसरीकडे तिला ‘एकाकी’ म्हटलंय. पन्नास शब्दही उरले नसतील तर हे ठरवतं कोण, आणि कशावरून? यातलं खरं काय?”

आधी सरळ उत्तर देते, मग कारणांकडे येते. तांबोरा ही ऑस्ट्रोनेशियन भाषा नव्हती, म्हणजे मादागास्करपासून जावामार्गे हवाईपर्यंत पसरलेल्या त्या मोठ्या भाषाघराण्यातली नव्हती, एवढं बऱ्यापैकी पक्कं आहे. ‘पापुअन होती’ हे त्याच वाक्याचं दुसरं रूप आहे, तो काही वेगळा शोध नव्हे. कंबोडियाकडचं नातं मला पटत नाही. आणि ‘एकाकी’, म्हणजे जिला कुणी नातेवाईक भाषा सापडत नाही अशी, म्हणणं चूक नाही, पण वाचणारा त्यातून जे समजतो ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. एखादी भाषा अमुक घराण्यातली नाही हे सांगायला थोडे शब्द पुरतात. ती कोणत्या घराण्यातली हे सांगायला मात्र ढिगाने लागतात. तांबोराच्या बाबतीत पहिल्यापुरता पुरावा हातात आहे, दुसऱ्यापुरता नाही. सगळा गोंधळ या दोन मापांची सरमिसळ केल्यामुळे होतो.

इंडोनेशियात बाली आणि लोंबोकच्या पूर्वेला सुंबावा नावाचं बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर एक द्वीपकल्प समुद्रात शिरलंय आणि त्यावर तांबोरा पर्वत उभा आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये तो फुटला. ५ एप्रिलला पहिला मोठा आवाज झाला. जावा तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि तिथे लोकांना वाटलं तोफा चालताहेत. शेजारच्या ठाण्यावर हल्ला झाला असावा म्हणून योग्यकर्ताहून फौजेची तुकडी निघाली. खरा स्फोट १० एप्रिलच्या संध्याकाळी झाला. सुमारे ४३०० मीटरचा पर्वत २८५० मीटरचा उरला आणि माथ्यावर सहा किलोमीटर रुंदीचं भगदाड पडलं. पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पर्वताच्या पायथ्याशी तांबोरा आणि पेकात अशी दोन छोटी राज्यं होती, ती मात्र फारशी कुणाला माहीत नसतात.

जावाचे लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स यांनी तांदूळ देऊन लेफ्टनंट ओवेन फिलिप्स यांना सुंबावाला पाठवलं. फिलिप्सच्या अहवालात आहे की या दोन राज्यांत मिळून बारा हजारांहून कमी माणसं नव्हती आणि त्यातली पाच-सहाच वाचली. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी हिशोब तोच. बोलणारी माणसं जवळजवळ सगळी एकाच आठवड्यात गेली. भाषा सहसा अशा मरत नाहीत. त्या सावकाश मरतात. आजी बोलते, आईला कळते, नातवाला चार शिव्या आणि दोन गाणी येतात, असं करत दोन-तीन पिढ्या जातात आणि त्या काळात कुणीतरी वही घेऊन पोहोचतं. इथे ती सवडच मिळाली नाही.

तरी ४८ शब्द उरले, कारण रॅफल्सना याद्या जमवायचा नाद होता. १८१७ मध्ये लंडनला त्यांचं जावाच्या इतिहासावरचं दोन खंडी पुस्तक निघालं. त्याच्या परिशिष्टात द्वीपसमूहातल्या बऱ्याच भाषांचे तक्ते आहेत: डावीकडे इंग्रजी शब्द, पुढे एकेका भाषेचा रकाना. एक रकाना तांबोराचा आहे. पुरुष, बायको, डोकं, नाक, रक्त, दिवस, रात्र, पाणी, चंद्र, मासा अशा धर्तीच्या गोष्टी आणि आकडे. बास. वाक्य एकही नाही, सर्वनामं नाहीत, क्रियापदं कशी चालतात याचा पत्ता नाही. पुस्तक छापून आलं तोपर्यंत ती भाषा बोलणारा समाज दोन वर्षांपूर्वीच संपलेला होता.

ही यादी वाचायची कशी, ते एकदा जवळून दाखवते. आकड्यांपासून सुरुवात करू. एक म्हणजे ‘सीना’, तीन म्हणजे ‘निही’. दोनच्या रूपाशी आल्यावर मी थबकते. इंग्रजी अक्षरांत शेवटी ‘ए’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरं जोडून आलीत. देवनागरीत काय लिहू? कालाए? काले? कालै? दोन वेगळे स्वर होते, की एकच लांब स्वर, हे कागद सांगत नाही. पाचासाठीचं रूप ‘कुतेलिन’ लिहू की ‘कुटेलिन’? चारसाठी ‘कुदेइन’ की ‘कुडेइन’? आपल्याला त-ट आणि द-ड वेगळे ऐकू येतात, इंग्रजाच्या कानाला येत नाहीत आणि त्याच्या लिपीत तर ते दाखवायची सोयच नाही. म्हणजे ४८ शब्दांतल्या प्रत्येकाच्या अंगावर अशी एक-दोन प्रश्नचिन्हं आहेत.

वर्गात मी याचा एक प्रयोग करते. मराठीचे ४८ शब्द एखाद्या इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिले असते तसे लिहून देते. डोळा होतो ‘डोला’, पाणी होतं ‘पानी’, ‘काळा’ होतो ‘काला’, ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतले दोन ‘च’ एकच होतात. भाषेचं नाव सांगत नाही. एका वर्षी एका हुशार मुलाने यादी परत दिली आणि खाली लिहिलं, “हिंदीची एखादी दक्षिणेकडची बोली.” घराणं बरोबर, घर चुकलं. त्याला दोष कसला द्यायचा? मराठीचं मराठीपण ज्या ध्वनींत दिसतं तेच मी गाळून टाकले होते. पण यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की इतकी खराब यादी देऊनही कुणीही तिला तमिळ किंवा मलाय म्हटलं नाही. खराब यादी ‘नाही’ म्हणायला चालते.

तांबोराबाबत हे ‘नाही’ नीट मांडलं ते भाषाशास्त्रज्ञ मार्क डोनोह्यू यांनी, २००७ मध्ये, ‘ओशनिक लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकात. त्यांच्या सगळ्या युक्तिवादात मी शिरत नाही, पण आकड्यांकडे बघितलं तरी मुद्दा कळतो.

ऑस्ट्रोनेशियन घराण्याचे आकडे म्हणजे भाषाशास्त्राच्या मास्तरांसाठी वरदान आहे. तीन घ्या: जावाच्या भाषेत ‘तलू’, सुंबावावरच्याच बिमाच्या भाषेत ‘तोलू’, मादागास्करमध्ये ‘तेलू’, न्यूझीलंडच्या माओरीत ‘तोरू’. पाच: जावापासून हवाईपर्यंत ‘लिमा’, माओरीत ‘रिमा’, मादागास्करला ‘दिमी’. सात: जावाला ‘पितू’, बिमाला ‘पिदू’, मादागास्करला ‘फितू’. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून प्रशांत महासागराच्या पार टोकापर्यंत हे आकडे ओळखू येतात. आता तांबोरा बघा. तीन ‘निही’, पाच ‘कुतेलिन’, सात ‘कुंबा’, दहा ‘सारोने’. बिमाचं राज्य त्याच बेटावर, दोन-तीन दिवसांच्या चालीवर, आणि तिथे ‘तोलू, लिमा, पिदू’. इथे ‘निही, कुतेलिन, कुंबा’. लिहिणाऱ्याने कितीही वाकडं ऐकलं तरी ‘लिमा’चं ‘कुतेलिन’ होत नाही.

यावर कुणी म्हणेल, आकडे उसनेही घेतात. घेतात ना. आपलंच ‘हजार’ फारसी आहे, आणि आपलं जुनं ‘सहस्र’ विष्णूच्या नावांपुरतं उरलं. पण उसनवारीला एक दिशा असते. बाजारात ज्याचा वरचष्मा, त्याचे आकडे दुसरा घेतो. तिमोर बेटावरची माकासाई ही पापुअन भाषा आहे, तिने सातासाठी ‘फितू’ आणि नवासाठी ‘सिवा’ हे शेजारच्या ऑस्ट्रोनेशियन भाषांकडून घेतले. तांबोरा हे व्यापारी राज्य होतं. तिथला मध, घोडे आणि लाल रंगासाठी लागणारं पतंगाचं लाकूड बाहेर जायचं. आजूबाजूचे सगळे ग्राहक ऑस्ट्रोनेशियन बोलणारे. अशा जागी आकडे बदलायला सगळी कारणं हजर होती, तरी यादीतले आकडे परके राहिले. बाकी शब्दांत थोडीफार उसनवारी असेलही, पण आकडे ठाम आहेत. म्हणून ‘ऑस्ट्रोनेशियन नाही’ या विधानावर मी सही करायला तयार आहे.

आता ‘पापुअन’. हा शब्द ऐकला की न्यू गिनीची जंगलं, डोक्यात पिसं खोवलेली माणसं, असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं आणि मग प्रश्न पडतो की अशा लोकांचं व्यापारी राज्य सुंबावावर कसं. त्या चित्राचा भाषेशी काही संबंध नाही. सिडनी रे नावाचे लंडनमधले एक शाळामास्तर होते, त्यांनी १८९२ मध्ये हा शब्द भाषांसाठी वापरात आणला. न्यू गिनीच्या परिसरातल्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन घराण्यात बसत नाहीत त्या पापुअन. म्हणजे हे घराण्याचं आडनाव नाही. सातबाऱ्यावर कुणाचंच नाव न लागलेल्या जमिनींची ती एकत्र यादी आहे. आज या खात्यात आठशेच्या आसपास भाषा आहेत आणि त्यांची घराणी मोजायला बसलं तर कुणी चाळीस म्हणतं, कुणी साठ, शिवाय कुठेच न बसणाऱ्या सुट्या भाषा वेगळ्या. दोन पापुअन भाषांचं एकमेकींशी नातं मराठी आणि चिनीइतकंही असेल असं नाही.

राज्याचं म्हणाल तर तेर्नाते आणि तिदोर या लवंगेच्या बेटांवरचे सुलतानही पापुअन भाषाच बोलत. पोर्तुगीज आणि डच त्यांच्या दारात ताटकळत उभे असायचे. तेव्हा ‘पापुअन’ आणि ‘राजदरबार’ यांत विरोध काहीच नाही.

या अर्थाने तांबोराला पापुअन म्हटलं तर ती पश्चिमेकडची शेवटची पापुअन भाषा ठरते. सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक, निदान नकाशावर, तिमोर, आलोर आणि पांतार या बेटांवर आहेत. पंचवीसएक भाषांचं ते एक घराणं आहे. पण मधे सहा-सातशे किलोमीटर अंतर, आणि त्यात फ्लोरेससारखं लांबलचक बेट, ज्याच्यावर सगळ्या भाषा ऑस्ट्रोनेशियन. ऑस्ट्रोनेशियन बोलणारे दर्यावर्दी या भागात साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी पोहोचले. त्याआधीही बेटांवर माणसं राहत होती आणि काहीतरी बोलत होतीच. तांबोरा ही त्या जुन्या भाषांपैकी टिकून राहिलेली एक असावी, हा डोनोह्यूंचा तर्क मला वाजवी वाटतो. पण ‘त्या जुन्या भाषांपैकी एक’ आणि ‘आलोरच्या भाषांची बहीण’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

दुसऱ्या विधानाचा मोह फार होतो. मलाही झालाय. आलोरवरच्या आबुई भाषेत चार म्हणजे ‘बुती’. तांबोरात ‘बाताइन’. ब आणि त जागच्या जागी, मन लगेच उडी मारतं. पण ‘बाताइन’ म्हणजे सहा. चारचे सहा होतात का? खटपट केली तर कुठलंही कारण रचता येतं. आणि ‘कुदेइन, कुतेलिन, बाताइन’ या चार-पाच-सहाच्या तिन्ही रूपांच्या शेवटी ‘इन’ आहे, तेव्हा तो प्रत्यय असेल तर उरतं ‘बाता’, आणि मग ‘बुती’ आणखीच जवळ येतं. रात्री अकरा वाजता हे फार पटतं. सकाळी चहा पिऊन पाहिलं की कळतं, आपण आधी उत्तर ठरवलं होतं.

हिशोब करून बघा. ढिलाईने तुलना केली तर समजा शंभर शब्दांमागे चार शब्द निव्वळ योगायोगाने सारखे दिसतील. ४८ शब्दांत ते झाले जवळजवळ दोन. आता तुम्ही तांबोरा एका भाषेशी ताडून थांबत नाही, पंचवीस भाषांशी ताडता. पंचवीस दुणे पन्नास. काहीही नातं नसताना पन्नास ‘पुरावे’ हातात आले आणि लेख तयार झाला. योगायोग किती पोचलेले असतात याचं आपल्या घरचं उदाहरण देते. आपलं ‘दोन’, हिंदी ‘दो’, संस्कृत ‘द्व’, आणि मलायमध्ये दोन म्हणजे ‘दुआ’. किती जवळचं! फ्रांझ बोप हे तौलनिक भाषाशास्त्राचे आद्य पुरुष, कुणी ऐरागैरा नव्हे. त्यांनी १८४१ मध्ये मलाय-पॉलिनेशियन भाषा इंडो-युरोपीय घराण्याला जोडायचा प्रयत्न केला. तो टिकला नाही. ‘दुआ’ आणि ‘दोन’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. याउलट मलायमध्ये डोक्याला ‘कपाला’ म्हणतात, आणि ते मात्र खरंच संस्कृत ‘कपाल’ आहे, उसनं घेतलेलं. म्हणजे एकाच भाषेत एक साम्य योगायोगाचं, एक उसनवारीचं, आणि दोन्ही दिसायला नात्यासारखी. हजार शब्द असतात तेव्हा हे वेगळं काढता येतं, कारण नियमित ध्वनिबदल तपासता येतात: इथे ‘प’ तर तिथे ‘फ’, आणि हे एकदा नाही, वीस शब्दांत वीस वेळा. ४८ शब्दांत बहुतेक ध्वनी मोजक्याच वेळा येतात. नियम दिसण्याआधीच कागद संपतो.

एक दुसरा रस्ता असतो सर्वनामांचा. ‘मी’, ‘तू’ सहसा कुणी उसने घेत नाही. भाषाशास्त्रज्ञ माल्कम रॉस यांनी २००५ मध्ये पापुअन भाषांची घराणी लावली ती याच आधारावर. न्यू गिनीत आज जी काही शिस्त दिसते तिचा मोठा भाग त्या कामाचा आहे. तांबोराच्या रकान्यात सर्वनामंच नाहीत, त्यामुळे तो रस्ता बंद.

आता कंबोडियाकडच्या नात्याचं. २००४ मध्ये हरल्दूर सिगुर्दसन या ज्वालामुखीतज्ज्ञांनी इंडोनेशियातल्या सहकाऱ्यांबरोबर तिथे खोदकाम केलं. सुमारे तीन मीटर राखेखाली एक घर सापडलं, जळून कोळसा झालेलं, आत दोन माणसांचे सांगाडे, काशाची भांडी, मातीची भांडी. २००६ मध्ये बातम्या आल्या: ‘पूर्वेचं पॉम्पेई’. भांडी आणि नक्षी व्हिएतनाम-कंबोडियाकडच्या वस्तूंसारखी आहेत आणि भाषाही तिकडच्या मोन-ख्मेर गटाची वाटते, असं त्याच बातम्यांत आलं. तुम्ही वाचलंत त्याचं मूळ इथलं.

भांडी बोटीतून येतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची काशाची सुबक मूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. म्हणून पंचगंगेच्या काठी कुणी ग्रीक बोलत होतं असं आपण म्हणत नाही. सातवाहनांच्या काळी रोमशी व्यापार होता एवढंच म्हणतो. तांबोरा तर समुद्रावर जगणारं राज्य. भाषेपुरतं बोलायचं तर यादीत मोन-ख्मेर आकडे नाहीत, आणि ख्मेरचे ‘मुय, पी, बे’ या एक-दोन-तीनसमोर ‘सीना, कालाए, निही’ ठेवून ज्याला साम्य दिसेल त्याने मलाही दाखवावं. उत्खनन उत्तम होतं. त्यातून काढलेला भाषेचा निष्कर्ष दुबळा होता, इतकंच माझं म्हणणं.

माझी बाजू फार ठाम वाटू नये म्हणून उलट दिशेची दोन उदाहरणं सांगते. पूर्व तिमोरच्या टोकाला, तुतुआला गावाच्या बाजूला, माकुवा नावाची भाषा होती, आता गेल्यातच जमा. अनेक वर्षं ती पापुअन समजली जात होती. नंतर नीट पाहिल्यावर ती ऑस्ट्रोनेशियन निघाली. शेजारच्या फातालुकु या पापुअन भाषेचा तिच्यावर इतका थर चढला होता की मूळ चेहरा दिसेना. आणि सॉलोमन बेटांच्या पूर्वेकडच्या रीफ बेटांवरची आइवू. तिच्यावरून चाळीस वर्षं भांडणं झाली, बरेच जण तिला पापुअन म्हणत. रॉस आणि ओशिल्ड नेस यांनी ती ऑस्ट्रोनेशियन असल्याचं दाखवलं, तेही २००७ मध्येच, ‘ओशनिक लिंग्विस्टिक्स’च्याच अंकात. म्हणजे ज्या वर्षी एका बाजूने तांबोरा पापुअन खात्यात आली, त्याच वर्षी आइवू त्यातून बाहेर पडली. पण आइवूचं हे शक्य झालं कारण आइवू बोलणारी माणसं आहेत. नेस तिथे जाऊन बसल्या, व्याकरण लिहिलं. तांबोराच्या बाबतीत कुणाकडे जाऊन बसणार?

आता ‘एकाकी’. हा शब्द मराठी वाचकाला समजावणं मला सोपं जातं, कारण आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या आसपास निहाली बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार. ती खरी एकाकी भाषा. कोरकू, मराठी, हिंदी, द्रविड असे थरावर थर काढत गेलं की तळाशी शब्दांचा साधारण पाव हिस्सा असा उरतो ज्याला भारतात कुठेच जोड सापडत नाही. भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये हे सोलून दाखवलं. पण तिच्या आकड्यांकडे बघा: एकाला ‘बिदुम’ हा स्वतःचा शब्द, दोन-तीन-चार द्रविड वळणाचे, आणि पुढचे आपल्यासारखे. समजा उद्या निहालीची सगळी वही हरवली आणि फक्त आकड्यांचा कागद उरला. दोनशे वर्षांनी कुणीतरी ती द्रविड भाषा म्हणून फाईल बंद करेल, पूर्ण आत्मविश्वासाने.

याच कारणासाठी मी ‘एकाकी’ आणि ‘वर्गीकरण न झालेली’ यांत फरक करते. निहालीला एकाकी म्हणतो तेव्हा अर्थ असा की पुरेशी सामग्री आहे, शोधलं, आणि नातेवाईक मिळाला नाही. तांबोराला एकाकी म्हणतात तेव्हा अर्थ असा की शोधायला पुरेसं काही नाही. ग्लॉटोलॉगसारख्या जगभरच्या भाषांच्या सूचीत दोन्ही एकाच शिक्क्याखाली दिसू शकतात आणि बिचाऱ्या वाचकाला वाटतं दोघींची स्थिती सारखी आहे. वारसनोंदीत ‘वारस नाही’ आणि ‘वारसाची चौकशी झालेली नाही’ एकाच रकान्यात टाकण्यासारखं आहे ते. कुणी माझं मत विचारलं तर मी लिहीन: ऑस्ट्रोनेशियन नाही, घराणं ठरवता येण्यासारखं नाही, पापुअन म्हणायचं तर ढोबळ, भौगोलिक अर्थाने.

हल्ली आणखी एक विचारणा होते, की संगणकाला दिलं तर? एएसजेपी नावाचा प्रकल्प आहे, तो जगभरच्या भाषांच्या चाळीस-चाळीस शब्दांच्या याद्या यंत्राने ताडतो. चाळीस शब्द, म्हणजे तांबोराच्या यादीएवढेच की! पण ते चाळीस ठरलेले शब्द असतात, त्यांत ‘मी’, ‘तू’, ‘आपण’ येतात, आणि रॅफल्सच्या तक्त्यातल्या दहाबारा ओळी तर नुसत्या आकड्यांत गेल्यात. दोन्ही याद्यांत सामाईक शब्द निम्म्यावर येतात. यंत्र कुठलं ना कुठलं जवळचं नाव दाखवणारच, त्याला ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटत नसते पण सवयही नसते.

नवं काही सापडण्याची आशा मला दोन जागी वाटते. एक, जुनी दफ्तरं. छापील यादीमागे कुठलीतरी हस्तलिखित यादी असणार, आणि छापताना जुळाऱ्याने केलेल्या चुका तिच्यावरून कळतील. बिमाच्या सुलतानांची ‘बो सांगाजी काई’ नावाची दरबारी नोंदवही आहे, तिच्यात स्फोटाची आणि राखेच्या पावसाची नोंद आहे. अशा कागदांतून तांबोराच्या माणसांची, गावांची नावं मिळू शकतात. दुसरी जागा म्हणजे स्थळनामं. आपल्याकडेही गावांच्या नावांत विसरलेल्या भाषा राहतात. पण डोंगराच्या त्या बाजूची वस्तीच नंतर नव्याने झालेली, तेव्हा जुनी नावं कितपत टिकली असतील याबद्दल मी फार उत्साही नाही.

जाता जाता यादीतली मला सर्वांत आवडणारी जागा सांगते. दहा म्हणजे ‘सारोने’, वीस म्हणजे ‘सिसारोने’. रकान्यात दोन शब्द एकमेकांशी उघडपणे बोलताना दिसतात ते इथे, म्हणजे या भाषेच्या व्याकरणाचा एक धागा हाती येतो: ‘सि’. ‘सि’ म्हणजे दोन असेल असं वाटतं. पण दोन तर ‘कालाए’. आणि शंभर म्हणजे ‘सिमारी’, तिथेही पुढे ‘सि’. शंभर हे कशाचं दुप्पट असणार, पन्नासाचं? की ‘सि’चा अर्थ ‘दोन’ नसून ‘मोठा’, ‘भरलेला’, ‘जुडी’ असा काही होता? ‘मारी’ हा शब्द स्वतंत्रपणे यादीत असता तर कदाचित कळलं असतं. तो नाही.